डावखुरी हंटरवाली

आमच्या अनसिंगात एखादी बाई जरा आवाज चढवून बोलली, की पारावरचं कोणीतरी पुटपुटतंच, "आली पाहा हंटरवाली." माझ्या आठवणीत हा किताब शाळेतल्या एका मोठ्या बाईंना मिळाला, पुसदच्या एसटीवरच्या एका कंडक्टरबाईंना मिळाला, बैलबाजारात दलालाला तोंडावर खोटं पाडणाऱ्या एका विधवेला मिळाला आणि माझ्या सख्ख्या आत्याला तर तो जन्मभर चिकटला. आत्या कधी रागावली नाही. उलट पदर खोचून म्हणायची, "हाओ, हाये मी हंटरवाली. मंग?"

गंमत अशी, की हा शब्द वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे की तो एका सिनेमाचं नाव आहे. सिनेमा १९३५ चा. तो कोणी लिहिला हे ठाऊक असणारा माणूस तर मला आमच्या अख्ख्या तालुक्यात भेटलेला नाही. सिनेमा पाहिलेला माणूस मात्र घरातच होता, माझे वडील. त्यांनी तो उलटा पाहिला होता.

अनसिंग हे वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. शृंगऋषींचं देऊळ इथं आहे आणि गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं जुनी माणसं सांगतात. डोक्यावर शिंग असलेला ऋषी ज्या गावानं आपला मानला, त्याला डोळ्यांवर काळा मुखवटा बांधून घोड्यावर बसणाऱ्या बाईचं काय नवल वाटणार? वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, आजचा जिल्हा १ जुलै १९९८ चा. सिनेमा गावात यायचा तो तंबूतून. फिल्मचे पत्र्याचे डबे आगगाडीनं यायचे, पुढं मोटारीनं किंवा बैलगाडीनं. वऱ्हाडच्या सर्किटचा कारभार भुसावळ-अमरावतीच्या वितरकांच्या हातात होता. मोठ्या शहरात चित्रपट जुना होऊन विटला, की त्याची झिजलेली प्रत जत्रांच्या वाटेला लागायची. त्यामुळं मुंबईत १९३५ साली झळकलेला सिनेमा आमच्याकडे १९४८ च्या उन्हाळ्यात पोचला, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वडील तेव्हा अकरा-बारा वर्षांचे.

ते सांगायचे, "आमी पडद्याच्या मांगून पाहो. मांगं पैसे कमी लागत." तंबूच्या मधोमध पडदा टांगलेला. पुढं बसणाऱ्यांना पुढचं तिकीट, मागं बसणाऱ्यांना निम्म्यात काम. मागून चित्र दिसायचं तसंच, फक्त डावं-उजवं बदललेलं. घोडा इकडून तिकडं धावण्याऐवजी तिकडून इकडं धावायचा. पडद्यावर सुरुवातीला जी नावं येत ती सगळी आरशातल्यासारखी उलटी. ती वाचण्याचा प्रश्नच नव्हता. आणि हंटर त्या बाईच्या डाव्या हातात. वडिलांच्या डोक्यात ती कायमची डावखुरी राहिली. "ते डावखोरी होती, म्हणून तिचा वार कोनाले चुकवता नाही ये," हे त्यांचं शास्त्र.

आता त्या उलट्या, न वाचता आलेल्या नावांकडे येऊ.

त्यात एक नाव होतं जे. बी. एच. वाडिया. जमशेद बोमन होमी वाडिया, जन्म १३ सप्टेंबर १९०१. घराणं मुंबईतलं नामांकित पारशी. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि इथल्या गोदीत त्यांनी जहाजबांधणीचा पाया घातला. वाडियांच्या गोदीत बांधलेली जहाजं इंग्रजांच्या आरमारात फिरली. त्यांतलं १८१७ चं ट्रिंकोमाली अजून इंग्लंडात जपून ठेवलेलं आहे. अशा घरातला हा मुलगा इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. झाला, वर कायद्याची पदवी घेतली आणि मग सिनेमात गेला. घरच्यांना ते रुचलं नाही, हे सांगायला नकोच. १९२८ मध्ये 'वसंतलीला' हा त्यांचा पहिला मूकपट आला आणि पुढं धाकटा भाऊ होमी कॅमेरा घेऊन सोबतीला आला. थोरला लिहिणार, धाकटा चित्रं काढणार, अशी वाटणी झाली.

मोठ्या वाडियांना वेड होतं डग्लस फेअरबँक्सचं. त्याचा १९२० चा 'मार्क ऑफ झोरो' म्हणजे दिवसा छानछोकी करणारा सरदारपुत्र आणि रात्री काळा मुखवटा बांधून जुलमी अंमलदारांना धडा शिकवणारा वीर. वाडियांनी 'दिलेर डाकू' या मूकपटात हाच झोरो भारतीय अंगरखा घालून उभा केला. उसनवारी होती हे उघड आहे आणि ती लपवण्याचंही कारण नाही. पण पुढं त्यांनी जे केलं ते उसनं नव्हतं. मुखवटा त्यांनी पुरुषाच्या तोंडावरून काढला आणि बाईच्या तोंडावर बांधला.

त्याआधी आणखी एका माणसाला भेटायला हवं, कारण हे काम एकट्याचं नव्हतं. जोसेफ डेव्हिड पेणकर. आडनावावरूनच गाव कळतं. बेने इस्रायली समाजातले, म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कुलाब्यात ज्यांना शनवार तेली म्हणत, ते हे लोक. जोसेफ डेव्हिड पारशी-उर्दू रंगभूमीचे लेखक. त्यांच्याच नाटकावरून आर्देशिर इराणींनी 'आलम आरा' काढला, जो १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि हिंदुस्थानचा पडदा बोलू लागला. म्हणजे भारतातल्या पहिल्या बोलपटाचा लेखक एक पेणकर होता. ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकात का नव्हती, हे मला अजून कळलेलं नाही.

वाडिया मूव्हीटोन १९३३ मध्ये सुरू झालं आणि त्यांच्या पहिल्याच बोलपटाला, 'लाल-ए-यमन'ला, हे जोसेफ डेव्हिड लाभले. त्या चित्रपटात एक गोड गळ्याचा पारशी मुलगा गायला होता. त्याचं नाव फिरोज दस्तूर. पुढं सवाई गंधर्वांचा शिष्य होऊन किराणा घराण्याचा मोठा गायक झालेले, पुण्याच्या महोत्सवात वर्षानुवर्षं हजेरी लावणारे, तेच पंडित फिरोज दस्तूर. स्टंटपट काढणाऱ्यांच्या अंगणात असली रोपटीही उगवत होती.

वाडियांना मुखवट्यासाठी बाई मिळाली ती लाहोरमार्गे. मेरी अॅन एव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, १९०८ चा. वडील स्कॉटिश, आई ग्रीक. पाच वर्षांची असताना मुंबईला आली. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. मग काही वर्षं पेशावरला काढली आणि तिथं ती घोड्यावर बसायला शिकली. सर्कशीत राहिली, नाचाच्या फिरत्या मंडळीत गावोगाव हिंडली. कोणा अर्मेनियन ज्योतिषिणीनं सांगितलं म्हणून नाव बदलून नादिया झाली. वाडियांनी तिला पाहिलं तेव्हा सोनेरी केस, निळे डोळे, दणकट बांधा आणि हिंदीची बोंब. त्यांनी सुचवलं, की नाव नंदादेवी ठेवू आणि काळ्या केसांची लांब वेणी लावू. तिनं साफ नकार दिला. मी गोरी आहे, सोनेरी केसांची आहे, वेणीनं कोण फसणार, असं तिचं म्हणणं. वाडियांनी ते मानलं. बाईचं ऐकून लेखकानं आपला मुद्दा सोडला, ही घटना मला 'हंटरवाली'च्या कथेइतकीच महत्त्वाची वाटते. पुढं जे काही झालं ते त्या न लावलेल्या वेणीमुळं झालं.

दोन चित्रपटांत छोटी कामं देऊन झाल्यावर वाडियांनी तिच्यासाठी पटकथा लिहिली. राजाला कपटी वजीर रणमल कैदेत टाकतो. राजकन्या माधुरी दिवसा महालात आणि एरवी मुखवटा बांधून, हातात हंटर घेऊन, 'पंजाब का बेटा' नावाच्या घोड्यावरून गोरगरिबांच्या मदतीला धावते. नायक जसवंत, म्हणजे बोमन श्रॉफ, सोबतीला आहे. मारामारीची मुख्य जबाबदारी मात्र त्याच्यावर नाही. संवाद आणि गाणी जोसेफ डेव्हिडांची, दिग्दर्शन होमीचं. सहा महिने काम चाललं आणि ८० हजार रुपये खर्च झाले. त्या काळात स्टंटपटासाठी हा आकडा डोळे पांढरे करणारा होता.

वितरकांनी हात झटकले. अर्धी चड्डी आणि बूट घातलेली गोरी बाई पुरुषांना उचलून आपटते, हे कोण पाहणार? शेवटी वाडिया बंधू आणि त्यांचे भागीदार बिलिमोरिया यांनी स्वतःच पैसा घालून ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात चित्रपट लावला. जून १९३५. नादियानं घोड्यावरून "हेऽऽय" अशी आरोळी ठोकली आणि पिटातल्या लोकांनी ती उचलली. पंचवीस आठवडे चित्रपट हलला नाही. बाजारात हंटरवालीच्या नावाचे चाबूक, पट्टे, काड्यापेट्या आल्या. त्यातला एक पैसा वाडियांना मिळाला नसणार. नाव कोणाचं आणि धंदा कोणाचा, हे आपल्याकडे तेव्हापासून चालत आलं आहे.

गोऱ्या बाईच्या हातातला चाबूक पाहून इंग्रजांच्या राज्यातले लोक टाळ्या कसे वाजवत होते, हा प्रश्न अभ्यासकांना पडतो. मला त्याचं एक उत्तर आमच्या वेशीवर सापडतं. चाबूक आमच्याकडे फक्त साहेबाचा नव्हता. पोतराज यायचा, कमरेला चिंध्यांचा घागरा, खांद्यावर कोरडा, आणि तो स्वतःच्याच अंगावर फटकारे ओढायचा. बाया त्याच्या पायांवर पाणी घालायच्या. आणि जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या हातात जो आसूड दिला तो १८८३ चा. चाबूक ओढणारं माणूस हे आपल्यातलंच, अंगात आलेलं, खालच्या बाजूचं असू शकतं, ही गोष्ट लोकांच्या नजरेत आधीच मुरलेली होती. तिचे केस सोनेरी आहेत याकडे म्हणूनच कोणी फारसं पाहिलं नसावं. माझ्या वडिलांनी तर कधीच नाही. त्यांच्या मते ती 'पांढऱ्या केसाची' होती, म्हणजे वयस्कर. तो चित्रपट काळा-पांढरा होता, हे त्यांना मी सांगून पाहिलं.

पण खरी कारागिरी चाबकात नव्हती, ती वजिरात होती. वाडियांच्या लिखाणाचं मर्म मला तिथं दिसतं. त्या काळी सेन्सॉरच्या इंग्रजी नजरेखालून काही स्पष्ट जाणं अवघड. मग एक काल्पनिक राज्य घ्यायचं, भला राजा कैदेत टाकायचा आणि गादीवर परका, लोभी, जुलमी माणूस बसवायचा. त्या माणसाला नाव रणमल द्यायचं, पगडी द्यायची, मिशा द्यायच्या. बाकी ती खुर्ची रिकामी ठेवायची. मुंबईच्या गिरणगावातला प्रेक्षक तिच्यात कोणाला बसवणार हे सांगायची गरज नव्हती. पोलीस कमिशनरला मात्र पडद्यावर बोट ठेवायला जागा सापडत नव्हती.

ही खुर्ची किती रिकामी होती हे वडिलांच्या गोष्टीतून मला समजलं. १९४८ चा उन्हाळा म्हणजे इंग्रज जाऊन वर्ष व्हायला आलेलं. पण आमच्यापासून थोडं दक्षिणेला गेलं की हिंगोलीचा मुलूख, आणि तो निजामाचा. रझाकारांच्या बातम्या रोज येत, तिकडून माणसं पोरंबाळं घेऊन इकडे येत, रात्री गावात गस्त असे. तंबूत तेच लोक बसलेले. रणमल पडद्यावर आला, की मागून कोणीतरी ओरडायचं, "आला रे रझवी!" आणि हंटरचा पहिला फटका बसला की तंबू डोक्यावर घ्यायचे. रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा कासिम रझवी, जमशेद वाडियांनी तेरा वर्षांपूर्वी परळच्या वाड्यात बसून लिहून ठेवला होता, असंच त्या लोकांना वाटलं असतं, कोणी विचारलं असतं तर. सप्टेंबरात पाच दिवसांची पोलीस कारवाई झाली आणि खरा रणमल पकडला गेला. तंबू तोवर दुसऱ्या जत्रेला गेला होता.

आता तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून पाहू. मुखवटा घालणारा फँटम अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत आला तो फेब्रुवारी १९३६ मध्ये. सुपरमॅन जून १९३८ मध्ये, बॅटमॅन १९३९ मध्ये. वंडर वूमन तर १९४१ ची. झोरो या सगळ्यांच्या आधीचा, हे मान्य. पण मुखवटा, दुहेरी आयुष्य, ठरलेला पोशाख, ठरलेली आरोळी आणि ठरलेलं हत्यार घेऊन अन्यायाशी भिडणारी बाई मुंबईच्या पडद्यावर आली तेव्हा सुपरमॅन छापून यायला तीन वर्षं बाकी होती. आपल्याकडे सुपरहिरो फार उशिरा आला, 'मिस्टर इंडिया' आणि 'क्रिश'पासून आला, असं जे लिहिलं जातं ते वाचताना मला आत्याचा चेहरा आठवतो.

वाडिया त्याच साच्यात अडकून बसले नाहीत. १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये राजवाडा गेला, घोडा गेला, आगगाडी आली. नादिया यात सविता, टेनिस आणि शिकार खेळणारी, मोटार भन्नाट हाकणारी शहरी मुलगी. खलनायक 'सिग्नल एक्स' नावानं वावरणारा, टोळी चालवणारा, तोंड झाकलेला माणूस. त्याला रेल्वे बदनाम करायची आहे, पूल उडवायचे आहेत, कारण त्याचा पैसा विमानाच्या धंद्यात गुंतलेला आहे. गुप्त संदेश, फसवे पुरावे, धावत्या गाडीच्या टपावर मारामारी, आणि ती एकेका गुंडाला डोक्यावर उचलून खाली फेकते. हेरकथेचं सगळं सामान इथं हजर आहे, आणि बाँडचा जन्मदाता इयान फ्लेमिंग अजून कादंबरीकार व्हायचा होता. मीटरगेजच्या खांडवा-पूर्णा गाडीनं वाढलेल्या माझ्यासारख्याला तो टपावरचा प्रसंग पाहताना एकच शंका आली. आमच्या गाडीच्या टपावर इतकी जागा नसायची, तिथं आधीच माणसं असायची.

मग 'डायमंड क्वीन', १९४०. मुंबईत शिकून गावी परतलेली मधुरिका भर बाजारात टवाळखोराला बदडते, गावातल्या निरक्षरतेबद्दल बोलते आणि एका ठिकाणी बायकांना मोकळीक दिल्याशिवाय देश मोकळा व्हायचा नाही, असं ठणकावून सांगते. मारधाडीच्या दोन प्रसंगांमध्ये भाषण घुसवणं हे वाडियांचं जुनं दुखणं. एम. ए. झालेला माणूस आत बसलेला, तो मधूनमधून डोकं वर काढणारच. पण नादियाच्या तोंडी ते भाषण खपून जातं, कारण ऐकलं नाही तर पुढं काय होईल हे प्रेक्षकाला माहीत असतं.

हा आतला माणूस कोण होता, हेही पाहायला हवं. वाडिया मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी. महाराष्ट्रात रॉयवादी म्हटलं की आपल्याला वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आठवतात, न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे आठवतात. विवेक, विज्ञान, मानवता यांवर गंभीर चर्चा करणारी ती मंडळी. त्याच मांडवात 'हंटरवाली'चा लेखकही बसलेला असायचा, हे चित्र मला फार आवडतं. दुसऱ्या महायुद्धात रॉयवाद्यांनी फॅसिझमविरुद्ध म्हणून युद्धाला पाठिंबा दिला, आणि वाडियांनी १९४० मध्ये सरकारच्या फिल्म अॅडव्हायझरी बोर्डाचं अध्यक्षपद घेतलं. ज्या माणसानं पडद्यावर वजिराची खुर्ची रिकामी ठेवून लोकांना इंग्रजांविरुद्ध टाळ्या वाजवायला लावल्या, तोच इंग्रजांच्या युद्धप्रचाराला बसला. देशभक्तांना ते रुचलं नाही. मलाही ते पूर्ण पचत नाही. पण हिटलर ही रिकामी खुर्ची नव्हती, तो बसलेलाच होता, आणि वाडियांनी आपल्या बुद्धीला पटलं ते उघडपणे केलं. पुढं १९८३ मध्ये त्यांनी रॉय यांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्याला 'अपुरं रॉयायण' अशा अर्थाचं उपशीर्षक दिलं. रामायणावरचा हा श्लेष इंग्रजीतून केलेला असला तरी बाज पक्का देशी आहे.

स्टंटपटानं पैसा दिला, पण प्रतिष्ठा दिली नाही. प्रभात, न्यू थिएटर्स यांच्या पंगतीत वाडिया मूव्हीटोनचं पान वेगळं मांडलेलं असायचं. मोठ्या भावाला ते टोचत होतं. १९३७ मध्ये त्यांनी 'नौजवान' काढला, एकही गाणं नसलेला बोलपट. लोकांना वाटलं फिल्मच कुठंतरी कापली गेली. १९४१ मध्ये 'राजनर्तकी', साधना बोस यांना घेऊन, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. खर्च अफाट. धाकट्या होमीचं म्हणणं साधं होतं, की आपलं घर घोडा आणि हंटर चालवतात, नर्तकी नव्हे. १९४२ मध्ये वाटा वेगळ्या झाल्या. होमीनं बसंत पिक्चर्स काढली आणि नादिया त्याच्यासोबत गेली. १९४३ मध्ये त्यानं 'हंटरवाली की बेटी' आणून आपलं म्हणणं खरं करून दाखवलं.

परळचा तो स्टुडिओ, वाडियांच्या लवजी कॅसल या वडिलोपार्जित घराच्या आवारातला, प्रभात सोडून आलेल्या व्ही. शांताराम यांच्याकडे गेला. तेच राजकमल कलामंदिर. राजकमलचं नाव मराठी माणूस आदरानं घेतो. 'शकुंतला', 'अमर भूपाळी', 'पिंजरा' ही सगळी त्या जागेची मिळकत. त्या फरशीवर आधी सात-आठ वर्षं नादिया माणसं आपटत होती, हे कोणाच्या लक्षात नसतं.

नादिया-होमी यांच्या जोडीचं शेवटचं मोठं टोक १९६८ चं, 'खिलाडी'. तोवर बाँडची लाट आलेली. जितेंद्रचा 'फर्ज' वर्षभरापूर्वीच गाजून गेला होता आणि जो तो हातात पिस्तूल अन् डोळ्यांवर काळा चष्मा घेऊन फिरत होता. 'खिलाडी'त साठीची नादिया गुप्तहेर झाली. हा सिनेमा मात्र मी स्वतः तंबूत पाहिला, तीन-चार वर्षं उशिरा, पण पुढून. वडिलांनी पुढचं तिकीट काढून दिलं होतं आणि स्वतः बाहेर चहाच्या टपरीवर बसले होते. एक जाडजूड गोरी आजीबाई पिस्तूल घेऊन फिरते आहे, एवढंच मला कळलं. घरी येऊन आम्ही हसलो. वडिलांना मी सांगितलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं का, कोण जाणे. मला तरी हे सगळं नंतर, पुस्तकं वाचून कळलं.

लेखकाचं नाव हरवणं हा फक्त आपल्याकडचा रोग नाही. हॉलिवूडचा टॉम मँकिविट्झ, मोठ्या पटकथाकारांच्या घराण्यातला, त्यानं सत्तरीच्या दशकात बाँडपट लिहिले. 'लिव्ह अँड लेट डाय' त्याचा एकट्याचा. १९७८ च्या 'सुपरमॅन'ची अवाढव्य संहिता त्यानं नव्यानं लिहून काढली, पण श्रेयनामावलीत पटकथेखाली चार दुसरी नावं लागली आणि हा निव्वळ 'क्रिएटिव्ह कन्सल्टंट' ठरला. त्याचं नाव ठळक जागी यावं यावरून लेखकांच्याच संघटनेशी वाद झाला होता. तो २०१० मध्ये गेला. लाल अंगरख्यातला क्रिस्टोफर रीव्ह जगानं लक्षात ठेवला, त्याच्या तोंडी शब्द घालणारा कोण हे विचारायचं राहून गेलं. आमच्या तंबूत निदान मागून बसल्यामुळं नावं वाचता येत नव्हती. तिकडं तर सगळे पुढून बसले होते.

जमशेद वाडिया ४ जानेवारी १९८६ रोजी गेले. नादियानं होमीशी १९६१ मध्ये लग्न केलं होतं. ती ९ जानेवारी १९९६ रोजी, वयाला ८८ वर्षं पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. जमशेदजींचा नातू रियाद यानं १९९३ मध्ये तिच्यावर माहितीपट केला आणि त्यातून जगाला ती पुन्हा सापडली. जर्मनीत तिच्यावर पुस्तक आलं, ज्याच्या नावात ती झोरोची सोनेरी केसांची बहीण झाली. विशाल भारद्वाजांचा 'रंगून' २०१७ चा. दरवेळी प्रकाश पडला तो हंटर धरणाऱ्या हातावर, आणि तो हात होताही त्या लायकीचा.

वडिलांच्या पंचाहत्तरीत माझ्या मुलानं मोबाइलवर 'मिस फ्रंटियर मेल' लावून दिला. उन्हाळ्याची दुपार, ओसरीवर कूलरची घरघर. सुरुवातीची नावं आली तेव्हा मी थांबवलं आणि वाचून दाखवलं, जे. बी. एच. वाडिया.

"हे कोन?" वडील म्हणाले.

"तुमच्या बाईच्या हाती हंटर देणारा."

त्यांनी मान हलवली, पुढं चालू दे अशी खूण केली. नादियानं टपावरच्या पहिल्या गुंडाला उजव्या हाताचा ठोसा लगावला. वडिलांनी मोबाइल जरा लांब धरला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं, आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"हे ते बाई नोय," म्हणाले. "ते डावखोरी होती."